युनिटीचा डाउनलोड साठा सी ड्राइव्हवरून हलवताना : कामाच्या नोंदी

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात फोनवरून हिंडता यावं, असा एक छोटा गेम आम्ही तिघं मिळून करतोय. मी, माझी भाची आणि शाळेपासूनचा एक मित्र. दुहेरी तटबंदी, खंदक आणि शेजारचा सिद्धेश्वर तलाव एवढाच त्याचा पट. तटबंदीचे फोटो आमचे आहेत. झाडं, गवत, पाणी, आकाश हे मात्र युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या ॲसेट स्टोअरमधून, म्हणजे तयार मॉडेल-चित्रांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेलं.

माझं मशीन डेस्कटॉप, विंडोज, १६ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी आणि युनिटी २०२२.३. घरी फायबरची लाइन नाही. फोनचा हॉटस्पॉट, रोजचा डेटा २ जीबी. पुढचं सगळं वाचताना हा आकडा लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे अमर्याद नेट आहे त्यांनी स्टोअरमधून उतरवलेल्या फाइलींचा साठा पुसून टाकला तरी चालतं, पुन्हा उतरवता येतो. आमच्यासारख्यांचा साठा मात्र रोजच्या कोट्यातून थेंबथेंब जमलेला असतो, त्यामुळे तो जपून हलवावा लागतो.

६ एप्रिल

गवताचं एक मोठं पॅकेज इम्पोर्ट करताना युनिटी अर्ध्यावर थांबली. डिस्कवर जागा नाही. सी ड्राइव्हची पट्टी लाल, शिल्लक दोन जीबीसुद्धा नाही.

अशा वेळी हाताला येईल ते पुसायची इच्छा होते. ते न करता आधी विझट्री लावून कुणी किती जागा खाल्ली ते पाहिलं. हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि सगळी डिस्क मिनिटभरात मोजून देतो. निघालं ते असं:

ॲसेट स्टोअरचे डाउनलोड ४१ जीबी. ही जागा म्हणजे ॲपडेटामधला रोमिंग, त्यात युनिटी, त्यात ‘ॲसेट स्टोअर-५.एक्स’ नावाचा फोल्डर. ॲपडेटा लपवलेला असतो. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ इंग्रजीत टाइप केलं की थेट रोमिंग उघडतो.

पॅकेज मॅनेजरचा साठा ६ जीबी. हा ॲपडेटामधल्याच लोकल फोल्डरात, युनिटीच्या ‘कॅश’ (म्हणजे साठा) फोल्डरात. युनिटीची स्वतःची पॅकेजेस इथे येतात, स्टोअरची नाहीत.

ग्रेडल या टूलचा साठा ९ जीबी. अँड्रॉइड बिल्ड करताना, म्हणजे फोनवर चालणारं ॲप तयार करताना उतरलेल्या फाइली, आपल्या युजर फोल्डरात ‘.ग्रेडल’ या नावाने.

प्रकाशाच्या गणिताचा, म्हणजे जीआय कॅश, ८ जीबी. हा ॲपडेटामधल्या लोकललो नावाच्या तिसऱ्याच कोपऱ्यात.

आणि प्रोजेक्टमधला लायब्ररी फोल्डर, १४ जीबी.

युनिटीचा साठा म्हणजे एकच काहीतरी असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हे पाच वेगळे साठे आहेत, पाच वेगळ्या जागी, आणि प्रत्येकाचं सेटिंग वेगळं.

७ एप्रिल

काय हलवायचं ते ठरवलं. प्रत्येक साठ्याला एकच प्रश्न विचारला: हा गेला तर परत मिळवायला काय खर्च येईल?

लायब्ररी गेली तर युनिटी ती मूळ फाइलींवरून पुन्हा बनवते. वेळ जातो, डेटा जात नाही. जीआय कॅशचंही तसंच. स्टोअरचे डाउनलोड गेले तर ४१ जीबी पुन्हा नेटवरून, म्हणजे आमच्या हिशेबाने तीन आठवड्यांचा संपूर्ण कोटा, तोही घरात कुणी दुसरं काही पाहिलं नाही तर. पॅकेज मॅनेजर आणि ग्रेडल यांनाही नेट लागतं.

जीआय कॅश प्रेफरन्सेसमधून तिथल्याच बटणाने साफ केला आणि त्याची मर्यादा १० जीबीवरून ५ वर आणली. प्रकाश पुढच्या वेळी बेक करताना, म्हणजे त्याचं गणित आधीच करून ठेवताना, पहिली फेरी हळू होणार, ते चालेल. एवढ्याने श्वास घेण्यापुरती जागा झाली. बाकीच्यांसाठी दुसरी डिस्क हवी.

८ एप्रिल

नवी पेठेतल्या एका दुकानातून १ टीबीची जुनी डेस्कटॉप हार्ड डिस्क घेतली, १,४०० रुपये. साटा केबल ८० रुपये. नवी एसएसडी परवडली असती तर तीच घेतली असती, पण या कामाला फिरती डिस्क पुरते. डाउनलोड केलेलं पॅकेज ही एक सलग मोठी फाइल असते. इम्पोर्ट करताना ती एकदा वाचली जाते, मग महिनोन्‌महिने कुणी तिच्याकडे बघत नाही.

जुनी डिस्क घेताना पैसे देण्याआधी दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम चालवायला सांगा. ‘रिॲलोकेटेड सेक्टर’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींचे कच्चे आकडे शून्य हवेत. दुकानदारांनी पहिली दाखवलेली डिस्क या तपासात नापास झाली. त्यांनी काही न बोलता दुसरी काढून दिली.

घरी आल्यावर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला यू हे अक्षर दिलं. डी किंवा ई ठेवलं नाही, कारण पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर ही जवळची अक्षरं पळवतात.

९ एप्रिल

कॉपी. एक्सप्लोररमधून ओढून टाकण्याऐवजी रोबोकॉपी ही टाइप करून द्यायची आज्ञा वापरली. ती विंडोजमध्येच असते, वेगळी उतरवावी लागत नाही. आधी जुनी जागा, मग नवी जागा, शेवटी ‘स्लॅश ई’, म्हणजे आतले सगळे फोल्डर घे, रिकामेसुद्धा. ‘मूव्ह’चा पर्याय मुद्दाम टाळला. तो फाइल पोचवली की मूळची पुसतो, आणि मला नव्या जागेवरून सगळं चालतंय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत मूळ प्रत हवी होती.

दुपारी लाइट गेली. एप्रिलमध्ये इथे दुपारी कॉपी लावायची तर हे गृहीतच धरावं लागतं. यूपीएसची बॅटरी जुनी, मशीन बंद पडलं. लाइट आल्यावर तीच आज्ञा जशीच्या तशी पुन्हा दिली. पोचलेल्या फाइली रोबोकॉपीने सोडून दिल्या, अर्धवट राहिलेली पुन्हा घेतली आणि पुढे गेली. एक्सप्लोररमधून हेच करताना कुठली फाइल पूर्ण आणि कुठली अर्धी ते शोधत बसावं लागलं असतं.

रोबोकॉपी संपल्यावर जो कोड देते त्यात १ म्हणजे बिघाड नव्हे, फाइली नीट कॉपी झाल्या. ८ किंवा त्याहून मोठा आला तरच काहीतरी राहिलंय.

तरीही तपासलं. ‘.युनिटीपॅकेज’ फाइल म्हणजे आतून जीझिपने दाबलेली टार फाइल. त्यामुळे सेव्हन-झिप ती उघडू शकतं आणि त्याची ‘टेस्ट’ची सोय तिच्यावर चालते. सगळ्या फाइली निवडून टेस्ट लावली. झाडांचं एक पॅकेज नापास झालं. जुन्या जागेवरची त्याची मूळ फाइलही नापास निघाली, म्हणजे ती उतरतानाच तुटलेली होती. हे पॅकेज इम्पोर्ट करताना कायम एरर यायची आणि आम्ही दोष पॅकेज बनवणाऱ्याला देत होतो. तेवढं एक पुसून रात्री पुन्हा उतरवलं, सव्वा जीबी.

१० एप्रिल

आता मुख्य बदल. एडिट, प्रेफरन्सेस, पॅकेज मॅनेजर. तिथे दोन भाग दिसतात: ‘पॅकेजेस’ आणि ‘माय ॲसेट्स’. दोन्हींपुढे ‘कॅश लोकेशन’ आहे आणि त्याच्या मेनूत जागा बदलण्याचा आणि मूळ जागेवर परत नेण्याचा पर्याय. स्टोअरच्या डाउनलोडसाठी ‘माय ॲसेट्स’मधला बदलायचा. यू ड्राइव्हवर केलेला ‘युनिटीस्टोअर’ फोल्डर निवडला.

पॅकेज मॅनेजर उघडला, तर प्रत्येक पॅकेजपुढे ‘डाउनलोड’. एकावरही ‘इम्पोर्ट’ नाही. ४१ जीबी डिस्कवर आहेत आणि युनिटीला एकही दिसत नाही.

कारण सापडलं ते असं. आपण निवडलेल्या फोल्डरात युनिटी स्वतःचा ‘ॲसेट स्टोअर-५.एक्स’ फोल्डर धरते आणि त्याच्या आत शोधते. कॉपी करताना त्या फोल्डरातला मजकूर, म्हणजे प्रकाशकांच्या नावांचे फोल्डर, थेट ‘युनिटीस्टोअर’मध्ये पडले होते. एक पायरी वर. सगळे उचलून ‘ॲसेट स्टोअर-५.एक्स’च्या आत टाकले; एकाच डिस्कवर हलवायचं असल्याने हे क्षणात होतं. युनिटी बंद करून उघडली आणि ‘इम्पोर्ट’ दिसायला लागलं.

आतली रचना प्रकाशक, मग प्रकार, मग पॅकेज अशी असते. ती तशीच ठेवा. नावं सुटसुटीत करायला जाऊ नका.

आणखी एक: जागा बदलली म्हणून युनिटी जुने डाउनलोड आपणहून नव्या जागी नेत नाही. ते काम आपलंच.

१२ एप्रिल

तिघांच्या मशीनवर एकाच पद्धतीने जागा लावाव्यात म्हणून प्रेफरन्सेसऐवजी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे विंडोजमध्ये नावाने ठेवलेली आणि प्रोग्रॅमना वाचता येणारी सेटिंग्ज, वापरून पाहिले. एक छोटी बॅच फाइल, म्हणजे आज्ञांची यादी, केली की कुठल्याही मशीनवर ती चालवायची, झालं.

स्टोअरच्या डाउनलोडसाठीचं नाव ‘ॲसेटस्टोअर कॅश पाथ’. सगळी कॅपिटल अक्षरं, ॲसेट आणि स्टोअर जोडून, पुढच्या दोन शब्दांआधी अंडरस्कोअर. पॅकेज मॅनेजरच्या साठ्यासाठी ‘यूपीएम कॅश रूट’, तिथेही मध्ये अंडरस्कोअर. ग्रेडलसाठी ‘ग्रेडल यूजर होम’, तसंच.

विंडोजच्या सेटएक्स या आज्ञेने तिन्ही लावले, युनिटी उघडली, तर ग्रेडल आणि पॅकेजेस पुन्हा सी ड्राइव्हवरच. एडिटर बंद करून उघडला, तरी तेच. स्पेलिंग तपासण्यात संध्याकाळ गेली. स्पेलिंग बरोबरच होतं.

अडचण युनिटी हबची होती. कुठलाही प्रोग्रॅम सुरू होताना ज्याने त्याला सुरू केलं त्याच्याकडून हे व्हेरिएबल घेतो. एडिटरला सुरू करतं हब. आणि हबची खिडकी बंद केली तरी हब बंद होत नाही, घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये बसून राहतं, सकाळच्या जुन्या माहितीसकट. ट्रेमधल्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘क्विट’ केलं, हब नव्याने उघडलं, त्यातून एडिटर उघडला. तिन्ही जागा बदलल्या. हे माहीत नसेल तर मशीन रीस्टार्ट करा, तोही उपाय चालतो.

व्हेरिएबल आणि प्रेफरन्सेस दोन्ही लावलेले असतील तर व्हेरिएबल वरचढ ठरतं. दुसऱ्या कुणी नंतर प्रेफरन्सेसमधून जागा बदलायला गेलं तर त्याचा गोंधळ होईल. म्हणून बॅच फाइलमध्येच वर मराठीत दोन ओळी लिहून ठेवल्या, की हे इथून लावलंय, बदलायचं तर इथेच बदला.

१४ एप्रिल

यू ड्राइव्हवर ९०० जीबी रिकामी पाहून मित्र म्हणाला, “अख्खा प्रोजेक्टच तिकडे टाकू की रे, सी एकदम मोकळा होईल.” टाकून पाहिला.

एडिटर उघडायलाच इतका वेळ लागला की अडकला असं वाटलं. टेक्श्चर बदललं की थांबा, सीन बदलला की थांबा, डिस्कची कुरकुर अखंड चालू. याचं कारण लायब्ररी फोल्डर. त्यात हजारो बारक्या फाइली असतात आणि युनिटी त्या सतत इथून तिथून वाचत-लिहीत राहते. फिरत्या डिस्कचं डोकं प्रत्येक फाइलसाठी जागा बदलतं आणि सगळा वेळ त्यातच जातो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग पाहिलेल्याला हे लगेच कळेल: सुताचा साठा गोदामात राहिला तरी चालतो, बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, मात्र मागावरच लागतो. डाउनलोड केलेली पॅकेजेस हे गोदामातलं सूत, लायब्ररी हा मागावरचा बीम.

प्रोजेक्ट परत एसएसडीवर आणला. परत आणताना लायब्ररी कॉपी केली नाही, एसएसडीवर युनिटीकडूनच नव्याने बनवून घेतली. तेवढ्यात जेवण झालं.

१५ एप्रिल

अँड्रॉइड बिल्ड फुटायला लागला. एररमध्ये लिहिलं होतं की प्रोजेक्टच्या पाथमध्ये, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात, आस्की नसलेली (साध्या इंग्रजी संचाबाहेरची) अक्षरं आहेत. कालच्या हलवाहलवीत मित्राने फोल्डरला देवनागरीत ‘सोलापूर किल्ला’ असं नाव दिलं होतं. विंडोजला ते चालतं, युनिटीच्या एडिटरलाही चाललं, पण अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन विंडोजवर असा पाथ नाकारतं. ही तपासणी बंद करण्याची एक ओळ आहे, ती घातली नाही. पुढे दुसऱ्या कुठल्या तरी टूलमध्ये तेच अडलं असतं. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत केलं, जागा न सोडता, आणि बिल्ड झाला.

मला याचं वाईट वाटलं. आपल्या किल्ल्याच्या गेमचा फोल्डर आपल्या लिपीत असावा ही इच्छा रास्त आहे. गेमच्या आतली प्रत्येक पाटी देवनागरीत आहे आणि ती तशीच राहणार. फोल्डरपुरती माघार घेतली.

१७ एप्रिल

मित्राचं मशीन. त्यावर युनिटी २०१९.४ आहे, आणि एक जुनं काम त्याच आवृत्तीत अडकलेलं असल्याने बदलता येत नाही. तिथे प्रेफरन्सेसमध्ये ‘कॅश लोकेशन’ नाहीच. अशा वेळी विंडोजचं जंक्शन कामाला येतं. फोल्डर असतो दुसऱ्या डिस्कवर, पण जुन्या जागी त्याच नावाचं एक दार ठेवायचं. युनिटीला काही कळत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी हब आणि युनिटी पूर्ण बंद. मग रोबोकॉपीने ‘ॲसेट स्टोअर-५.एक्स’ दुसऱ्या डिस्कवर. मग सी वरच्या मूळ फोल्डरचं नाव बदलून शेपटीला ‘जुना’ जोडायचं, पुसायचं नाही. त्यानंतर एमकेलिंक ही आज्ञा, ‘स्लॅश जे’, आधी दाराची जागा आणि नंतर खरी जागा, दोन्ही अवतरणचिन्हांत, कारण ‘ॲसेट’ आणि ‘स्टोअर’च्या मध्ये मोकळी जागा आहे. मूळ फोल्डर त्याच नावाने तिथेच असेल तर एमकेलिंक नकार देतं.

पहिल्यांदा आज्ञाच ओळखली गेली नाही. पॉवरशेलची खिडकी उघडली होती. एमकेलिंक हे कमांड प्रॉम्प्टच्या पोटातलं आहे, पॉवरशेलला ते माहीत नाही. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडला, झालं.

पुढे कधी जंक्शन काढायचं असेल तर नुसती आरएमडीआयआर ही आज्ञा आणि दाराचं नाव. त्याने दार जातं, आतला साठा राहतो. जंक्शन नेटवर्कवरच्या फोल्डरकडे नेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. मित्राला घरातल्या दुसऱ्या मशीनवर साठा ठेवायचा होता, ते जमलं नाही.

२०२२ किंवा त्यानंतरची युनिटी असेल तर जंक्शनच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. सरळ सेटिंग असताना दार ठेवलं तर सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की फोल्डर खरा कुठे आहे.

मित्राकडे अनरिअल हे गेम बनवण्याचं दुसरं सॉफ्टवेअरही आहे. तिथे एपिक गेम्स लाँचरचा व्हॉल्ट कॅश, म्हणजे डाउनलोडचा साठा, प्रोग्रॅमडेटामध्ये असतो आणि लाँचरच्या सेटिंग्जमध्येच त्याची जागा बदलण्याचा पर्याय मिळतो. तो बदलला, पुढे काही अडलं नाही. अनरिअलचा डिराइव्ह्ड डेटा कॅश मात्र लायब्ररीच्या जातीचा आहे, बारक्या फाइलींचा. तो एसएसडीवरच ठेवला.

२० एप्रिल

भाची सुट्टीला घरी आली. तिच्या लॅपटॉपला दुसरी डिस्क बसत नाही, म्हणून यूएसबीची बाहेरची डिस्क. साठ्याची प्रत माझ्या यू ड्राइव्हवरून तिच्या डिस्कवर घेतली आणि बॅच फाइल चालवली. माझंच युनिटी खातं तिच्या लॅपटॉपवर उघडून पॅकेज मॅनेजर पाहिला. सगळीकडे ‘इम्पोर्ट’. हॉस्टेलच्या नेटवरून तिला एक एमबीही ओढावा लागला नाही. “मामा, हे आधी का नाही केलं?” असं म्हणाली.

इथे एक गोष्ट नीट पाळा. मॉडेल्स आणि टेक्श्चर वेगळी, आणि एडिटरमध्ये चालणारी टूल्स वेगळी. अशा टूल्सचं लायसन्स माणशी एक असतं. साठ्यात आमचं असं एक विकत घेतलेलं टूल होतं, ते तिच्या प्रतीतून काढलं. तिला लागलं तर दुसरं घेऊ.

संध्याकाळी तिने पेनड्राइव्ह आधी लावला आणि डिस्क नंतर, तर डिस्कचं अक्षर बदललं आणि युनिटीला साठा सापडेना. तिच्याही डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून यू दिलं. विंडोज ते अक्षर त्या मशीनपुरतं लक्षात ठेवतं, दुसऱ्या मशीनवर पुन्हा द्यावं लागतं. शिवाय युनिटी उघडण्याआधी डिस्क जोडलेली हवी, ही सवय तिला लावून घ्यायची आहे.

२४ एप्रिल

नव्या जागांवरून पूर्ण अँड्रॉइड बिल्ड झाला, फोनवर चालला. साठ्यातली वेगवेगळ्या प्रकाशकांची काही पॅकेजेस रिकाम्या प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करून पाहिली, सगळी आली. त्यानंतरच सी ड्राइव्हवरचे जुने फोल्डर पुसले. आता सी वर ७० जीबीच्या आसपास मोकळे आहेत.

एकूण खर्च १,४८० रुपये आणि सव्वा जीबी डेटा. भाचीची यूएसबी डिस्क घरातलीच होती. वेळेचा सगळ्यात मोठा भाग हबच्या ट्रेने आणि प्रोजेक्ट फिरत्या डिस्कवर नेऊन परत आणण्याने खाल्ला. या दोन गोष्टी टाळल्यात तर बाकी काम एका सुट्टीच्या दिवसात उरकेल.

यूपीएसची बॅटरी अजून बदलायची आहे. मित्राच्या मशीनवरचा ‘जुना’ फोल्डर त्याच्या हातातलं काम संपेपर्यंत तसाच ठेवलाय.